श्रीपादचं कोपर

श्रीपाद हर्डीकर हा माणूस दमलेलाच जन्माला आला असावा, असं त्याच्या बायकोचं, कुमुदिनीचं, मत आहे. आणि कुमुदिनीची मतं मयूर विहारच्या त्यांच्या अख्ख्या सोसायटीला पाठ आहेत. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. श्रीपाद भाजी घेऊन वर येतो तो प्रत्येक मजल्यावर थांबून. थांबला की समोरच्या दारावरची नावाची पाटी वाचत उभा राहतो, जणू त्याच घरी काम होतं. बिचाऱ्याला वाटतं, कुणाला कळत नाही. अहो, सगळ्यांना कळतं. दुसऱ्या मजल्यावरच्या सरलाजी तर आतूनच विचारतात, भाईसाब, पानी भिजवाऊँ?

उंची मात्र भरपूर. ताडासारखा. आणि ती उंचीच त्याला नडली. कशी, ते सांगते.

त्यांच्या घरी बाल्कनी बंद करून एक खोली काढलीये. तिथं चादर पांघरलेलं एक धूड उभं असतं. नवीन कामवाली पहिल्या दिवशी हमखास दचकते. चादरीखाली आहे डबल बास. माणसाहून उंच व्हायोलिन म्हणा ना, उभं धरून बोटांनी छेडायचं. चार जाड तारा, आणि आवाज असा की कानाला कमी नि पोटाला जास्त कळावा. कुमुदिनी त्याला ‘आमच्या मोठ्या जाऊबाई’ म्हणते. वर्षानुवर्षं कोपऱ्यात उभ्या, कामाला हात लावत नाहीत आणि कुणी हलवलेलं खपत नाही.

चाळीसएक वर्षांपूर्वी श्रीपाद पुण्याहून दिल्लीला आला तो कोपर्निकस मार्गावरच्या सरकारी अतिथीगृहात, म्हणजे सदनात, रिसेप्शनवर. साहेब आले, चावी द्या. साहेब गेले, चावी घ्या. त्या वेळी कॅनॉट प्लेसजवळच्या एका हॉटेलात लायनेल नावाचा एकजण चौघांचा ताफा घेऊन जॅझ वाजवायचा. सॅक्सोफोन त्याचा स्वतःचा. शिवाय पियानो, बास आणि ड्रम. त्याचा बासवाला एका सकाळी वाद्य तिथंच टाकून कलकत्त्याला निघून गेला. लायनेल कुणाला तरी भेटायला सदनात आला, तर काउंटरमागं हा खांब उभा. संध्याकाळी काय करतोस, असं त्यानं विचारलं. शाळेत असताना संवादिनी शिकलो होतो, हे श्रीपाद सांगतोय तोवर लायनेलनं त्याच्या पंजाचं माप घेऊनही टाकलं. झालं. नोकरी दिवसाची, बास संध्याकाळचा.

बासवाल्याचं काम म्हणजे पंगतीतल्या वाढप्याचं. जेवून उठल्यावर वाढप्याचा चेहरा कुणाला आठवत नाही, पण भात वेळेवर आला नाही तर अख्खी पंगत खोळंबते. सॅक्सोफोननं उडायचं, पियानोनं चमकायचं, आणि बासनं नुसतं चालत राहायचं, गाणं संपेपर्यंत. टाळ्या पुढच्यांना, खांदेदुखी मागच्यांना.

मागे त्याच्या जोडीला होता अंबादास रोकडे, ड्रमवर. नगरकडचा गडी, सर्कशीच्या बँडमधून आलेला. सर्कस गाझियाबादला आली आणि तिथंच बुडाली. तंबू विकला, हत्ती कुठं कुठं गेले, अंबादास मात्र तिथंच राहिला. आता सर्कशीत काय असतं बघा. झुल्यावरची मुलगी हात सोडते त्याच क्षणी ढोल वाजावा लागतो. ती कधी हात सोडणार हे गाण्यात लिहिलेलं नसतं. म्हणून सर्कशीतला ढोलवाला कान लावून वाजवत नाही, डोळे लावून वाजवतो. अंबादासनं ती सवय हॉटेलातही सोडली नाही. लायनेलकडे तो ढुंकूनही बघायचा नाही. बघायचा श्रीपादचं उजवं कोपर. शिकलेले बासवाले नुसती बोटं हलवतात. श्रीपाद कुणाकडे शिकलेलाच नव्हता, त्यामुळे त्याचं कोपर हापशाच्या दांड्यासारखं खालीवर व्हायचं. कोपर खाली आलं की अंबादासची काठी झांजेवर पडलीच. दोघं मिळून असं वाजवायचे की डोळे मिटून ऐकणाऱ्याला वाटावं, चार हातांचा एकच माणूस बसलाय.

एका एप्रिलच्या दुपारी त्यांची रेकॉर्ड निघाली. एसीची घरघर माइकमध्ये येते म्हणून एसी बंद. चौघे बनियनवर वाजवत होते. रेकॉर्डचं नाव ‘लास्ट बस टू शाहदरा’. कव्हरवरच्या फोटोत लायनेल आहे, पियानोवाले दासबाबू आहेत, श्रीपादचा अर्धा खांदा आहे आणि अंबादासचा गुडघा. अंबादास अजून म्हणतो, माझी चांगली बाजू घेतलीये. रेकॉर्ड खपली नाही. मग हॉटेलवाल्यांनी टेप लावून डिस्को सुरू केला, ताफा मोडला, पुढे लायनेल गेला, दासबाबू गेले. श्रीपाद रिटायर होईपर्यंत चाव्या देत-घेत राहिला.

आणि मग गेल्या हिवाळ्यात दारात अक्षया आली. मूळची पुण्याची, गुडगावला कुठल्याशा कंपनीत, तिशीची असेल. तीन जिने चढूनही हिला दम नाही, याचंच श्रीपादला आधी वाईट वाटलं. तिनं सांगितलं की तिला आणि तिच्या दोस्तांना जुन्या तबकड्यांचा नाद आहे, ही रेकॉर्ड ते पुन्हा काढतायत, आणि परदेशातले लोक या रेकॉर्डवर लांबलांब लिहितात. काय लिहितात, तर सॅक्सोफोन ठीक आहे, पण मागचे ते दोघं कोण आहेत?

कुमुदिनी चहा घेऊन येत होती, ती म्हणाली, “हे बघ, यातला एक हा. सोफ्यावर आहे तो.”

तर रेकॉर्डच्या प्रकाशनाचा कार्यक्रम ठरला होता, आणि अक्षयाला हवं होतं की काकांनी दोघांनी तिथं शाहदऱ्याच्या बसचा तो तुकडा वाजवावा, सोबत दोन तरुण मुलं असतील. श्रीपादनं हात जोडले. उजवा खांदा वर जात नाही, बोटं मऊ पडलीयेत, बासला हात लावून किती वर्षं झाली ते आठवतही नाही. अक्षया गडबडली. म्हणाली, पण अंबादासकाकांनी तर दोघांचं हो कळवलंय.

दुसऱ्या दिवशी श्रीपाद मेट्रोनं गाझियाबादला गेला, नाही म्हणून सांगायला. मध्ये दीडेक वर्षं भेट नव्हती. खांदा, करोना, प्रदूषण, कुणाचं तरी लग्न, असं करत राहून गेलं होतं. फोनवर मात्र रोज मेसेज असायचे, अंबादासचे विनोद नि गणपतीचे फोटो. दार मुलानं, पुष्करनं, उघडलं. अंबादास पाठमोरा बसला होता. श्रीपादनं हाक मारली. पुन्हा मारली. पुष्कर शांतपणे म्हणाला, काका, पुढे जाऊन उभे राहा, तसं नाही कळत.

तेव्हा श्रीपादला समजलं. उजवा कान पूर्ण गेलेला. डाव्या कानाशी तोंड नेऊन ओरडलं तर थोडंफार. यंत्र आणलंय, पण ते लावलं की डब्यात खडे हलवल्यासारखं होतं म्हणून ते टीव्हीवर ठेवलेलं. आणि अक्षयाला यातलं काही म्हणजे काही ठाऊक नाही, कारण तिचं सगळं व्हॉट्सअॅपवर. आताशा सगळं जगच टाइप करतं. बहिऱ्या माणसाला याहून बरे दिवस कधी आले नव्हते.

श्रीपादनं त्याच्या डाव्या कानाशी जाऊन विचारलं, “अंब्या, हे तिला सांगायला नको का?”

“सांगितलं की काय होईल ठाऊक आहे तुला,” अंबादास म्हणाला. “तिथं एखादा चांगला पोरगा ड्रमवर बसवतील, आणि मला पुढच्या खुर्चीत. शाल, नारळ, दोन शब्द. मी काय वारलोय का?”

“अरे पण तू वाजवणार कसं?”

“जसं तेव्हा वाजवत होतो तसं. मी तुला कधी ऐकत होतो, शिरप्या? मी तुला बघत होतो.”

श्रीपाद नाही म्हणायला गेला होता हे विसरू नका. येताना मेट्रोत जागा मिळाली नाही, दांडा धरायला उजवा हात वर जाईना, डाव्यानं धरून तो वैशाली स्टेशनहून यमुना बँक स्टेशनपर्यंत आला आणि तिथं गाडी बदलून मयूर विहारला. घरी आला तेव्हा कुमुदिनीनं एवढंच विचारलं की, काय झालं? तो म्हणाला, चादर काढ.

मग सुरू झाली तालीम. बास गाझियाबादला हलवला. जिन्यातून उतरवताना सगळी सोसायटी बघायला जमली होती, आणि सरलाजींनी हात जोडून कौन गुज़र गया, असं विचारलं म्हणतात. कुमुदिनी ही गोष्ट फार रंगवून सांगते, खरी किती ते तिलाच माहीत. दिवसाआड श्रीपाद जायचा. दोघं समोरासमोर नाही, शेजारी बसायचे, म्हणजे अंबादास बसायचा नि श्रीपाद उभा. कोपर त्याच्या नजरेत राहील अशा कोनात.

पहिल्या दिवशीच कळलं की चालतंय. कोपर खाली, काठी खाली. अंबादासचे हात अजून तरणेताठे होते, झांज तश्शीच तुषार उडवल्यासारखी. दमत होता तो आपला श्रीपाद. त्याचा खांदा दुखला की कोपर सावकाश व्हायचं, कोपर सावकाश झालं की ड्रमही सावकाश. शाहदऱ्याची शेवटची बस जी एके काळी सुसाट जायची, ती आता खड्डे चुकवत निघाली. पण दोघं बरोबर. अंबादासला चूक कळायचीच नाही, कारण त्याच्या लेखी कोपर तेच खरं. एकदा श्रीपादला शिंक आली तर अंबादासनं मध्येच जोरदार ठोका दिला आणि पुष्कर स्वयंपाकघरातून धावत आला.

आता इथं लक्षात घ्या, श्रीपादच्या डोक्यावर काय बसलं होतं. इतकी वर्षं पंगतीत वाढलं, पण तेव्हा वाढपी दोन होते. आता एकट्याचं काम. कोपर थांबलं की अंबादास थांबणार, आणि शे-दोनशे लोकांसमोर कळणार की ड्रमवरच्या म्हाताऱ्याला काहीच ऐकू येत नाही. तेवढं होऊ द्यायचं नव्हतं. बाकी काय व्हायचं ते होवो.

बोटांना फोड आले. कुमुदिनी रात्री खोबरेल लावायची आणि लावता लावता बोलायची. या वयात लोकांच्या पायाला फोड येतात, चारधामला जाऊन. यांच्या हाताला येतात, गाझियाबादला जाऊन. मग एकदा ती मध्येच थांबून म्हणाली, “अहो, नाही म्हणता येत नाही का तुम्हाला?”

“येतं,” श्रीपाद म्हणाला. “त्याला ऐकू येत नाही.”

कुमुदिनी हसली खरी. मग तिनं त्याचा दुसरा हात पुढे ओढला आणि त्यालाही खोबरेल लावायला लागली.

कार्यक्रम रविवारी दुपारी चारला, मंडी हाउसकडच्या एका छोट्या सभागृहात. हॉल भरला होता. अर्धे अक्षयाचे दोस्त, झोळ्या नि गोल चष्मे. अर्धी आपली मराठी मंडळी, शाल-नारळ घेऊन तयारीत. एका वक्त्यानं इंग्रजीत पंचवीस मिनिटं भाषण केलं की चांगला ठेका हा ऐकण्याचा संस्कार असतो. अंबादास पहिल्या रांगेत बसून प्रत्येक वाक्याला मान डोलवत होता. तोच काय तो पूर्णपणे सहमत दिसत होता.

मग चौघे स्टेजवर गेले. सॅक्सोफोनवर शिलाँगचा एक मुलगा, पियानोवर गुडगावची एक मुलगी. दोघांना आधीच्या एका तालमीत सांगून ठेवलं होतं, काका लोक म्हणतील ती गती. श्रीपादनं बास मिठीत घेतल्यासारखा धरला, अंबादासकडे बघितलं. अंबादासनं बघितलं कोपराकडे.

बस निघाली. पहिला भाग छान गेला. गती अशी की घरी परतणाऱ्या माणसाची असते, पाय ओढत पण न थांबता. शिलाँगच्या मुलाला आधी ती जड गेली, मग त्यानं सूर लांब लांब धरायला सुरुवात केली आणि हॉलमध्ये एकदम शांतता झाली. नंतर पियानो. श्रीपादला मधल्या बोटाखाली ओलं लागलं. फोड फुटला होता. त्यानं पहिल्या बोटावर काम ढकललं. त्यालाही फोड होताच, तोही गेला. प्रत्येक सुराला तार कापत जावी तशी आत जात होती, खांद्यातून वीज मानेत चढत होती. अजून अर्धं गाणं बाकी होतं. बोटं मिटेनात, उघडेनात. आणि तिथंच, पियानोच्या मध्यावर, श्रीपादच्या बोटांनी काम सोडलं.

बासचा आवाज बंद झाला.

कोपर मात्र बंद झालं नाही. खाली, वर, खाली, वर. बोटं तारेपासून वीतभर दूर, हवेत. दुखणं तेवढंच, आवाज शून्य. अंबादास ते कोपर बघत होता आणि त्याची झांज तशीच फुलत होती, एक ठोकाही इकडचा तिकडे नाही.

साउंडवाल्या दाढीवाल्या बाप्याला वाटलं वायर गेली. तो वाकून, रांगत स्टेजवर आला, श्रीपादच्या पायाशी प्लग काढून लावू लागला. मग त्यानं वर बघितलं. तारा बघितल्या, तारांवरचं रक्त बघितलं, हवेतली बोटं बघितली. अंकल, हुआ क्या, असं तो पुटपुटला. श्रीपाद ओठ न हलवता म्हणाला, सब ठीक है, आप जाइए. तो बापडा रांगतच परत गेला.

पियानोवाल्या मुलीनं एकदाच वळून बघितलं आणि डाव्या हातानं खालचे सूर उचलले. शहाणी मुलगी. तिनं बासची चाल पियानोवर धरली, आणि पहिल्या रांगेतल्या एका गोल चष्मेवाल्यानं डोळे मिटून मान हलवली, जणू त्याला आतलं काही गवसलं. कुमुदिनी मात्र ताठ बसली होती. लग्न झाल्यापासून ताफा मोडेपर्यंत भिंतीपलीकडून तो बास ऐकलेली बाई ती. बाकी कुणाला कळो न कळो, तिला कळलं. शेवटपर्यंत तिनं त्या कोपरावरची नजर काढली नाही, आणि तिचंही कोपर खुर्चीच्या हातावर हलत होतं म्हणे.

शेवट आला. श्रीपादनं कोपर उंच उचललं, तेवढं त्याचं एरवी जात नाही, आणि खाली आणलं. अंबादासनं झांज मारून हातात धरली. टाळ्या. लोक उभे राहिले. शाल आणि नारळ दोघांनाही मिळाले, आणि अंबादासनं ते अगदी खुशीत घेतले, कारण आता तो वाजवून उठलेला माणूस होता.

पुष्करच्या गाडीत ड्रम भरले, बास टेम्पोत गेला, म्हणून अंबादास या दोघांच्या टॅक्सीत बसला. मागे दोन म्हातारे, पुढे कुमुदिनी. आयटीओच्या पुलावर नेहमीसारखं सगळं अडकलेलं. श्रीपादच्या हाताला रुमाल गुंडाळला होता. अंबादासनं विचारलं तेव्हा त्यानं बास उचलताना लागलं असं खुणेनं सांगितलं.

अंबादास खिडकीबाहेर बघत होता. गाड्या इंचाइंचानं सरकत होत्या, सगळे हॉर्न वाजवत होते, त्याच्या चेहऱ्यावर मात्र स्वच्छ शांतता. मग तो वळला.

“शिरप्या, आज वाजवलंस हं,” तो म्हणाला. “खरंच वाजवलंस. पण एक सांगू? रागावू नकोस.”

श्रीपादनं मान हलवली.

“पियानोनंतर जरा जास्तच जोरात वाजवायला लागलास. कोपर बघत होतो ना मी. सगळा जीव काढून हाणत होतास. माझी झांज दबली असणार, लोकांना ऐकू गेली नसेल.”

पुढच्या सीटवर कुमुदिनी वळली. तिचं तोंड उघडलेलं होतं. एवढ्या वर्षांत हातात आलेलं वाक्य या बाईनं कधी वाया जाऊ दिलेलं नाही. श्रीपादनं तिच्याकडे नुसतं बघितलं. ती परत सरळ झाली आणि ड्रायव्हरला म्हणाली, भैया, एसी थोड़ा कम कर दीजिए.

श्रीपाद डाव्या कानाकडे वाकला. “चुकलं,” तो ओरडून म्हणाला. “सवय राहिली नाही.”

“चालतं,” अंबादासनं मोठ्या मनानं माफ केलं. “पुढच्या वेळी सांभाळ. जयपूरला हॉल मोठा आहे म्हणे. अक्षयानं मघाशी मेसेज केला, कराल का म्हणून. मी दोघांचं हो टाकलंय.”

श्रीपादनं मान मागे टेकली, डोळे मिटले. गाडी पुलावर होती तिथंच होती. खांद्यातलं दुखणं हळूहळू पाठीत उतरत होतं, आणि रुमालाच्या आत बोटं ठणकत होती.

“कधी आहे?” त्यानं डोळे न उघडताच विचारलं.

अंबादासला ऐकू गेलं नाही. तो खिडकीबाहेरच बघत राहिला. मग श्रीपाद पुन्हा सरळ झाला, त्याच्या डाव्या कानाशी तोंड नेलं, आणि पुन्हा एकदा, जोरात, विचारलं.